ठिपक्या आत का जात नाही

४ फेब्रुवारी

ताई,

तीर्थरूप, साष्टांग वगैरे लिहिलं की मी टोमणा मारतोय असं तुला वाटतं, म्हणून नुसतं ताई. फोनच करणार होतो. पण फोनवर तिसऱ्या वाक्याला आपलं वाजतं आणि मुद्दा राहून जातो.

मुद्दा ठिपक्याचा आहे. तू पाठवलेलं हे पिल्लू तीन आठवडे शहाण्या बाळासारखं पिंजऱ्यात जात होतं. सगळं तू शिकवलंस तसंच: बिस्किटाचा तुकडा, हळू आवाजात "चल, घरी", आत गेलं की तीन आकडे मोजायचे, मग कडी. साडेआठला मी कामावर निघताना आत, दुपारी एकला मी धावत येऊन अर्धा तास मोकळं, मग पुन्हा आत, सहाला सुटका. तक्रार म्हणून नाही.

गेल्या मंगळवारपासून काय झालं कोण जाणे. "घरी" म्हटलं की दिवाणाखाली घुसतं, तिथेच मुततं, ओढलं तर चारही पाय ताठ करतं. परवा माझा अंगठा फोडला. दिवसभर चष्म्याच्या काचांच्या कडा घासणाऱ्या माणसाने अंगठ्याला पट्टी बांधून काम कसं करायचं ते तूच सांग. त्यात खालच्या घरमालकीणबाई वर येऊन म्हणाल्या, "तुमचं कुत्रं सकाळ-दुपार अगदी माणसासारखं रडतं हो." महिनाअखेरपर्यंत रडणं थांबलं नाही तर कुत्रं जाईल नाहीतर आम्ही, असं त्यांनी हसत हसत सांगितलं. हसत सांगितलं म्हणून मी घाबरलो.

पिल्लाला परत पाठवायची माझी इच्छा नाही. घरात जिवंत काहीतरी असलं की बाबांचं मन रमेल असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, आणि रमतं. ते त्याला कधी ठिपक्या म्हणतात, कधी बारक्या. मला हल्ली नवीन कंडक्टर समजतात.

बाकी बाबा ठीक.

बारक्या


९ फेब्रुवारी

बारक्या,

आधी पिंजरा म्हणणं बंद कर. क्रेट म्हण, नाहीतर घर म्हण. मी पोपट पाठवलेला नाही.

दुसरं, ओढून काढणंही बंद कर. दिवाणाखाली आहे तर राहू दे, तू पाठ करून जमिनीवर बस. अंगठा फोडला तो त्याने नाही, तू फोडून घेतलास.

चार महिन्यांचं पिल्लू उगाच हट्ट धरत नाही. कुत्रं खोटं बोलत नाही, घरातली माणसं बोलतात. कुत्री शिकवायच्या या बावीस वर्षांत माझ्याकडे आलेल्या प्रत्येक मालकाने पहिल्या भेटीत सांगितलंय, "घरात काहीच बदललेलं नाही हो." आणि तिसऱ्या भेटीत कळतं की बायको माहेरी गेलीय. तेव्हा तुझ्या सांगण्यावर माझा भरवसा नाही, वहीवर आहे. उद्यापासून सात दिवस वही लिही. वेळ, तू काय करत होतास, बाबा कुठे होते, कसला आवाज झाला, ठिपक्याने काय केलं. घडलं तसं लिही, मधे शहाणपण घालू नकोस.

तोवर एक नियम कडक पाळायचा. तो आतून कुंईकुंई करो, गळ्यातली घंटी खुळखुळवो, कुणीही जायचं नाही. गोंधळ घातला की माणूस येतं हे एकदा कळलं की संपलंच. घरमालकीणबाईंनाही माझं नाव घेऊन बजाव की घंटी वाजली तरी ढुंकून बघू नका. घंटी काढू नकोस. माझ्याकडच्या प्रत्येक पिल्लाला ती असते.

मी यावं असं तू लिहिलेलं नाहीस, पण न लिहिताही लिहिलंयस. इथे अकरा कुत्री आहेत आणि मदतीची बाई बाळंतपणाला गेलीय. बाबांबद्दल तू लिहितोस, मी वाचते. त्याहून जास्त मागू नकोस.

ठिपक्या आत जायला लागला की कळव.

ताई


१८ फेब्रुवारी

ताई,

घे तुझी वही. उतरवून पाठवतोय.

सोमवार. ८.१५ बाबांना चहा आणि गोळी. ८.२० बाबा खोलीत. आवाज, कडीचा. ८.२५ ठिपक्याला "घरी" म्हटलं. दिवाणाखाली.

मंगळवार. तसंच. बाबा खोलीत. तू सांगितलंस तसा पाठ करून बसलो, दहा मिनिटं. आला नाही. दुकानात उशिरा पोचलो, मालकाने घड्याळाकडे बघितलं.

बुधवार. बाबा खोलीत. मी बिस्किटाचा पुडा उघडला तर त्या आवाजानेच पळाला. आधी याच आवाजाला धावत यायचा.

गुरुवार. दुकानाची वीज गेली होती, सुट्टी. बाबा स्वयंपाकघरात माझ्यासोबत वाटाणे सोलत बसले होते. मी काही म्हटलंही नाही. ठिपक्या आपण होऊन आत गेला आणि झोपला.

शुक्रवार. ८.२० बाबा खोलीत. दिवाणाखाली, मुतला. घरमालकीणबाई पुन्हा आल्या.

शनिवार. शुक्रवारसारखंच.

रविवार. बाबा गॅलरीत उन्हात. "घरी" म्हटलं, शेपूट हलवत आत. दोन तास झोप.

माझं मत विचारशील तर हे लाडावलंय. मी घरी असलो की साहेब आत जाणार, मी कामावर निघालो की नाटक. मला सोडून राहायचं नाही त्याला. यावर काहीतरी उपाय असेलच ना तुमच्यात? चघळायचं हाड वगैरे? लवकर लिही. महिना संपायला दहा दिवस आहेत.

बारक्या


२२ फेब्रुवारी

बारक्या,

वही तीनदा वाचली.

सोमवारी तू ठिपक्याला ८.२५ ला "घरी" म्हणालास. कडीचा आवाज ८.२० चा आहे. त्याच्या क्रेटचं दार तेव्हा उघडं होतं. मग कडी कुठली वाजली?

ज्या दिवशी बाबा खोलीत, त्या दिवशी पिल्लू दिवाणाखाली. ज्या दिवशी बाबा बाहेर, त्या दिवशी ते आपल्या पायाने आत. चार महिन्यांचं पिल्लू माणसासारखं रडत नाही रे. माणसासारखा माणूस रडतो.

तू बाबांना कोंडतोस.

क्रेट पॅसेजमध्ये बाबांच्या दाराला लागून ठेव, दोघांना सोबत होईल, असं मीच सांगितलं होतं. म्हणजे ते पिल्लू रोज आत बसून काय ऐकतंय ते कळतंय का तुला? कडी वाजली की दाराआड कुणीतरी ओरडायला लागतं. त्याने बरोबर धडा घेतला. कडी म्हणजे ओरडणं. तुझ्यापेक्षा त्याला जास्त कळतं.

कडी आजच्या आज काढ. पत्र खाली ठेव आणि स्क्रू ड्रायव्हर घे.

आता बाकीचं लिहिते, कारण पुन्हा लिहिणार नाही. तू सहा वर्षांचा होतास, मी अकराची. शाळेतून यायला एक मिनिट उशीर झाला की सामानाच्या खोलीत एक तास. बाबा म्हणजे डेपोत गाड्यांच्या वेळा नोंदवणारा माणूस, त्यांचं घड्याळ चुकायचं नाही. सात मिनिटं उशीर झाला त्या दिवशी मी दिवेलागणीनंतर बाहेर आले. आई स्वयंपाकघरात भांडी आपटत बसायची, तेवढाच तिचा निषेध. मी प्रत्येक नव्या मालकाला पहिल्याच दिवशी बजावते की दार ही शिक्षा नसते. कुठे शिकले ते सांगत नाही.

तुझी वही तिसऱ्यांदा वाचून मला पहिलं काय वाटलं सांगू? बरं झालं. एक क्षण नाही, चांगला चहा होऊन निवेपर्यंत मी बरं झालं म्हणत बसले होते. मग स्वतःचीच किळस आली.

एकदा, एकदाच, त्या खोलीच्या दाराखालून अर्धं बिस्कीट आत सरकलं. बाहेर कुणी बोललं नाही. बाबाच असणार. त्या अर्ध्या बिस्किटामुळे इतक्या वर्षांत मी त्यांना पुरतं वाईट म्हणू शकले नाही. त्या बिस्किटापोटीच तर ठिपक्याला पाठवलं.

कडी काढलीस की कळव.

ताई


२७ फेब्रुवारी

ताई,

कडी काढली. या पाकिटात घातली आहे, चारही स्क्रूंसकट. एकाचा माथा झिजलाय, काढताना त्रास झाला.

आता तूही वाच. जानेवारीत बाबा तीनदा ड्यूटीला निघाले. एकदा मंडईत सापडले, अनवाणी, "सात पाचची गेली का?" असं भाजीवाल्यांना विचारत. एकदा हवालदाराने आणून सोडले. तिसऱ्यांदा एका स्कूटरवाल्याने धडक दिली, कपाळाला चार टाके. सोबतीला दोन बायका ठेवून पाहिल्या. पहिलीला चार मिनिटं उशीर झाला म्हणून बाबांनी दारातूनच परत पाठवलं, दुसरी तिसऱ्या दिवशी आपणच आली नाही. बाहेरच्या दाराला कुलूप लावलं तर गॅलरीच्या कठड्यावरून पाय टाकला. पहिला मजला, ताई. त्यांच्या खोलीच्या खिडकीला गज आहेत, म्हणून ती खोली. ठिपक्याच्या पिंजऱ्याची कडी तुटलीच तर असावी म्हणून तसलीच एक जादा आणली होती, ती लावली. म्हणून दोन्हींचा आवाज एक.

आणि अजून ऐक. "चला बाबा, घरी," असं म्हणायचो. हातात बिस्कीट द्यायचो. आत गेले की तीन आकडे मोजायचे, मग कडी. पहिले चार दिवस बाबा हसत गेले. पाचव्या दिवशी दार ढकलून पाहिलं आणि मग ओरडायला लागले. तो मंगळवार. तुझी पद्धत उत्तम आहे. चार दिवस तर माणसालाही लागू पडते.

मी जिन्यात उभा राहून ऐकायचो. रोज. मग जायचो, कारण तिकडे शंभर लोकांचे चष्मे अडलेले असतात. एकला येऊन कडी काढली की बाबा मला विचारायचे, "साहेब, माझी चूक काय?" हे वहीत लिहिलं नाही. तुझ्या वहीत त्याला रकाना नव्हता.

आईच्या आजारपणात तू कुत्र्यांची कारणं दिलीस. बाबांच्या वेळी कुत्रंच पाठवलंस. दुरून डोंगर साजरे असतात, आणि दुरून नियमही फार सुचतात.

आणि ते बिस्कीट. ते मी सरकवलं होतं. माझ्या वाटणीचं, अर्धं खाऊन उरलेलं. बाबा गॅलरीत पेपर वाचत होते. आता तुला त्यांना पुरतं वाईट म्हणायला हरकत नाही.

कडी गेली. उद्यापासून साडेआठ ते सहा घरात कोण बसणार, तेवढं उलट टपाली कळव.

बारक्या


४ मार्च

बारक्या,

बिस्किटाचं वाचलं.

वीस तारखेला येते. दोन महिने राहीन, मग पुढचं बघू. त्याआधी जमत नाही. सुट्टीवर गेलेल्या लोकांची कुत्री माझ्याकडे आहेत, शेवटचं एकोणीसला जातं. त्यांनाही माझ्याशिवाय कुणी नाही, असं लिहिणार होते. पण तू काय म्हणशील ते ठाऊक आहे.

सोळा दिवसांचा प्रश्न आहे. दुकानातून मिळेल तेवढी रजा घे. ज्या दिवशी मिळणार नाही त्या दिवसासाठी सोबत एक घंटी पाठवतेय. ठिपक्याच्या गळ्यात आहे तसलीच, माझ्याकडे डबाभर पडल्या आहेत. बाहेरच्या दाराला वरच्या अंगाला बांध, म्हणजे दार उघडलं की वाजेल. घरमालकीणबाईंना सांग, लक्ष ठेवा. बाबांना कोंडणं नको, आणि बाबा गेलेले कळायलाही हवेत, यावर मला एवढंच सुचलं. ठिपक्याला काही दिवस "घरी" म्हणू नकोस. तो शब्द नासला.

तुझी कडी माझ्या टेबलावर आहे. काल एकदा सरकवून पाहिली. अकरापैकी एकाही कुत्र्याने मान वर केली नाही. मीच उठून दार उघडं आहे का बघून आले.

वीसला सकाळच्या गाडीने.

ताई


२९ मार्च

ताई,

तू वीसला येणार होतीस, तेराला आलीस, कारण मी फोनवर फक्त "ये" म्हणालो. इतकी वर्षं आपलं फोनवर तिसऱ्या वाक्याला वाजायचं, या वेळी एकाच शब्दात काम झालं. बाबांना पोचवून आलो, तू दिवाणावर बसून राहिलीस, चौदाला सकाळी गेलीस. तू काही विचारलं नाहीस, मीही सांगितलं नाही. जाताना ठिपक्याला परत नेऊ का एवढंच विचारलंस. आता सांगतो.

बारा तारखेला रजा मिळाली नव्हती. मी साडेआठला निघालो. ठिपक्याला मोकळंच ठेवलं होतं, तुझ्या सांगण्याप्रमाणे. नऊच्या सुमाराला बाबा खाकी शर्ट घालून, बटणं नीट लावून निघाले. डेपोच्या फाटकापर्यंत चालत गेले, रस्ता चुकले नाहीत. तिथला चौकीदार सांगत होता, त्याने त्यांना बसायला स्टूल दिलं, आपल्याला वाटलं वरून कुणी साहेब तपासणीला आलेत. दीड तास बाबांनी गाड्यांच्या वेळा बघितल्या. दोन ड्रायव्हरांना उशिराबद्दल झापलं. एक म्हणाला, "चुकलं साहेब," आणि बाबा म्हणाले, "पुन्हा नको." चौकीदार म्हणतो, खूश होते. दहा चाळीसला एक गाडी फाटकावर न थांबता गेली, तर हात वर करून तिच्यामागे रस्त्यावर धावले. मागून ट्रक येत होता. पुढचं तुला ठाऊक आहे.

हे सगळं मी तुला तेव्हाही सांगू शकलो असतो. सांगितलं नाही ते पुढचं.

घरमालकीणबाई त्या दिवशी घरातच होत्या. घंटी त्यांनी ऐकली. मला म्हणाल्या, "नऊला वाजली हो, चांगली खणखणीत. पण मला वाटलं पिल्लूच. दिवसभर तर वाजवत असतं ते. आणि तुमच्या ताईंनी सांगितलं होतं ना, घंटी वाजली तरी ढुंकून बघायचं नाही म्हणून." बाई रडत होत्या. मीच त्यांना पाणी दिलं.

दोन्ही घंट्या तुझ्या डब्यातल्या. पण दाराला बांधली मी, स्टुलावर चढून, याच हातांनी. चार दिवस दोन्ही माझ्या कानात एकसारख्या वाजत होत्या आणि मला कळलं नाही. जुना नियम रद्द झाला एवढं एक वाक्य मी बाईंना बोललो नाही, फक्त "लक्ष ठेवा" म्हणालो. कडी होती तेव्हा बाबा रडत होते आणि जिवंत होते. काढली तेव्हा हसत गेले. यात बरोबर काय होतं ते मला कुणी सांगू नये, तू तर नकोच.

घंटीचं तुला कधीच सांगायचं नाही असं ठरवलं होतं. मग रोज दार उघडताना वाटायला लागलं, हे मी एकट्याने का वाहायचं? म्हणून लिहिलं. चांगुलपणाने लिहिलेलं नाही.

बिस्किटाचं मात्र खरं सांगतो. मला आठवत नाही. दाराशी मी बसायचो हे आठवतं, हातात बिस्कीट असायचं हेही. सरकवलं की खाल्लं, देव जाणे. तुला लागावं म्हणून लिहिलं होतं. बाबांनीही सरकवलं असेल. तुला हवं ते धर.

ठिपक्याला परत नेऊ नकोस. तो आत जायला लागला की कळव असं तू पहिल्याच पत्रात लिहिलं होतंस, ते राहून गेलं. तू गेलीस त्या दिवसापासून जातो. साडेआठ वाजले की न सांगता उठतो, बाबांच्या दारावरून जातो, आत जाऊन पाय पोटाशी घेऊन पडतो. मी तीन आकडे मोजतो आणि कडी लावतो. ठिपक्या हूं की चूं करत नाही. घरमालकीणबाईंचीही आता काही तक्रार नाही.

बारक्या